स्कोपची परीक्षा की डोळ्यांची?

नाशिक जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेच्या निसर्गमंडळाने पक्षिनिरीक्षणासाठी स्पॉटिंग स्कोप विकत घेतला. स्पॉटिंग स्कोप म्हणजे ट्रायपॉडवर बसवून एका डोळ्याने पाहावयाची, गळ्यात अडकवायच्या दुर्बिणीपेक्षा कितीतरी अधिक विशालन देणारी एकनळी दुर्बीण. दोन वर्षे रद्दी विकून आणि माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी गोळा करून जमलेली सारी रक्कम त्यात गेली. थंडीत मंडळी नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीवर गेली. २० पट विशालनाला सगळे खूश होते. विशालन ६० पट केल्यावर मात्र नववीतील एक मुलगी म्हणाली, "सर, शेकाट्याचे पाय नीट दिसायला लागले की चोच पुसट होते. चोच नीट केली, की पाय फिसकटतात."

सरांनी पाहिले. त्यांनी मधलीच कुठलीतरी जागा धरली आणि ऊन वाढल्यामुळे जरा धूसर दिसत असेल, असे म्हणून ते बाजूला झाले. मुलीला डोळे तपासून घेण्यास सांगण्यात आले. तिने ते तपासून घेतले. डोळे ठीक निघाले. तेव्हा हे शिक्षक, जे आमचे जुने परिचित आहेत, स्कोप घेऊन आमच्याकडे आले. सोबत त्याच मॉडेलचे एका परदेशी पक्षिविषयक मासिकात आलेले परीक्षणही होते. त्यात या स्कोपला पाचपैकी साडेचार तारे मिळालेले होते.

ते परीक्षण आम्ही दोनदा वाचले. लेखक अनुभवी असावा. स्कोपचे वजन, रबरी आवरण, फोकसचे चाक हातमोजे घालून फिरवता येते की नाही, पावसात टिकतो की नाही, हे सारे त्याने नेटके लिहिले आहे. पण प्रतिमेच्या दर्जाविषयी त्यात काय आहे? 'चमकदार', 'काठापर्यंत स्वच्छ', 'रंग नैसर्गिक' अशी विशेषणे. कोणत्या विशालनाला पाहिले, कशाकडे पाहिले, दिवसाच्या कोणत्या वेळी पाहिले, याचा पत्ता नाही. आणि मुख्य म्हणजे त्याने पाहिलेला स्कोप हा त्या मॉडेलचा एक नग होता, तोही बहुधा कंपनीनेच परीक्षणासाठी पाठवलेला. शाळेच्या हाती आलेला नग दुसराच. भिंगे घासणे, ती नळीत बसवणे, लोलक चिकटवणे यांत तरंगलांबीच्या अंशाइतकी अचूकता लागते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.०००५५ मिलिमीटर. तिचा पाव भाग हा डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा साधारण पाचशेवा हिस्सा होतो. एखादे भिंग त्याच्या कड्यात जरासे अधिक आवळले गेले, तरी हा हिशोब बिघडतो. म्हणून एकाच मॉडेलचे दोन नग प्रकाशीय दृष्ट्या सारखे असतीलच असे नाही. महागड्या मालात फरक कमी, स्वस्त मालात जास्त, एवढेच. मॉडेलचे परीक्षण वाचून नगाविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे थोरल्या भावाची गुणपत्रिका पाहून धाकट्याला वरच्या वर्गात घालण्यासारखे आहे.

आता दुकानातील परीक्षा पाहू. स्कोपवर '२०-६०×८०' असे छापलेले असते. विशालन २० ते ६० पट बदलता येते आणि वस्तुभिंगाचा व्यास ८० मिलिमीटर आहे, एवढाच त्याचा अर्थ. गिऱ्हाईक २० पटीवर स्कोप लावून रस्त्यापलीकडची पाटी वाचतो आणि समाधानाने पैसे देतो. ही परीक्षा का पोकळ आहे, हे थोड्या अंकगणिताने कळेल. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. चांगल्या डोळ्याला साधारण एका कलेपर्यंतचा तपशील वेगळा दिसतो. दुर्बिणीची मर्यादा डॉझ या इंग्लिश ज्योतिर्विदाच्या नियमाने काढता येते. ११६ ला वस्तुभिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागले, की मर्यादा विकलांत मिळते. ८० मिलिमीटरच्या निर्दोष भिंगासाठी ती १.४५ विकला येते. २० पट विशालन केल्यावर हा तपशील २९ विकलांचा होतो, म्हणजे डोळ्याच्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी. याचाच अर्थ असा, की त्या विशालनाला भिंगाचा ढिसाळपणा दुप्पट असला, म्हणजे तीन विकला असला, तरी तो डोळ्याला दिसणार नाही. ६० पटीला १.४५ विकलांच्या ८७ विकला होतात. तेव्हा कोठे भिंगाचे खरे रूप बाहेर येऊ लागते. २० पटीला सगळेच स्कोप चांगले असतात. मुलीची तक्रार ६० पटीलाच सुरू झाली, यात नवल नव्हते.

तिच्या शब्दांकडे पुन्हा पाहा. पाय उभे, चोच आडवी. उभी रेघ एका ठिकाणी फोकस होते आणि आडवी रेघ दुसऱ्या ठिकाणी. चष्म्याच्या दुकानात ज्याला 'सिलिंडरचा नंबर' म्हणतात, तोच हा दोष. प्रकाशशास्त्रात त्याला अबिंदुकता म्हणतात, कारण त्यात बिंदूची प्रतिमा बिंदू राहत नाही, रेघ होते. हा दोष डोळ्यातही असू शकतो आणि दुर्बिणीतही, म्हणून डोळे तपासायला सांगणारे सर अगदीच चुकले होते असे नाही. त्यांचे चुकले ते एवढेच, की तपासणी एकाच बाजूची झाली.

येथे जॉर्ज बिडेल एअरी यांची आठवण होते. केंब्रिजमधील या तरुण गणितज्ञाच्या लक्षात आले, की आपला डावा डोळा वाचताना कामच करत नाही. त्याने एका कागदाला बारीक छिद्र पाडले, ते प्रकाशासमोर धरून डोळ्यापासून पुढेमागे सरकवले आणि छिद्र कोणत्या अंतरावर एका दिशेची रेघ दिसते व कोणत्या अंतरावर तिला काटकोनात असलेली रेघ दिसते, हे मोजले. त्या मोजमापावरून १८२५ च्या सुमारास त्याने स्वतःसाठी दंडगोलाकार वक्रतेचे भिंग बनवून घेतले. शेकाट्याचे पाय आणि चोच यांच्यावरून आमच्या विद्यार्थिनीने जे टिपले, ते या निरीक्षणाहून वेगळे नाही. गंमत अशी, की निर्दोष दुर्बिणीतही ताऱ्याची प्रतिमा बिंदू नसते, तर बारीक तबकडी आणि तिच्याभोवती वलये अशी असते, याचे गणित १८३५ मध्ये मांडणारा एअरी तो हाच.

दोष डोळ्याचा की स्कोपचा, हे ठरवायला उपकरण लागत नाही. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने बारीक रेघांचे अधिकचे चिन्ह काढा, कागद पन्नासेक मीटरवर भिंतीला लावा आणि ६० पटीवर पाहा. उभी व आडवी रेघ एकाच वेळी स्पष्ट होत नसतील, तर स्कोप तसाच ठेवून मान खांद्याकडे कलती करा आणि पुन्हा फोकस करून पाहा. मान कलल्यावर चित्र बदलले, तर दोष डोळ्याचा. बदलले नाही, तर डोळा निर्दोष. सरळ नळीचा स्कोप असेल, तर उलट प्रयोगही करता येतो. ट्रायपॉडवरच्या कड्यात नळी ४५ अंशांतून फिरवा. दोष स्कोपचा असेल, तर त्याच्या दिशाही तेवढ्याच फिरतील आणि अधिकच्या चिन्हाऐवजी गुणिलेच्या चिन्हाची एक रेघ आधी व दुसरी नंतर स्पष्ट होईल. शाळेच्या स्कोपने हेच केले. पाच मिनिटांचे काम, पण मुलीच्या डोळ्यांविषयीची शंका तेथेच मिटली.

तरीही विक्रेत्याशी बोलायचे तर याहून पक्का पुरावा हवा, म्हणून आम्ही ताऱ्याची चाचणी घेतली. खरा तारा रात्री थरथरतो आणि हळूहळू सरकतोही, म्हणून दिवसाचा कृत्रिम तारा बरा. सायकलचा पाव इंची, घासूनपुसून चकचकीत केलेला छर्रा काळ्या कापडावर चिकटवायचा आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात तीस मीटरवर ठेवायचा. सूर्य आपल्या पाठीशी हवा. स्कोप चुकूनही सूर्याकडे वळता कामा नये, ही गोष्ट मुलांना प्रयोगाआधीच बजावून सांगावी. एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. छर्रा हा बहिर्गोल आरसा आहे. त्याचे नाभीय अंतर व्यासाच्या पाव आणि सूर्याचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश, म्हणून छर्‍यात दिसणारी सूर्याची प्रतिमा छर्‍याच्या व्यासाच्या सुमारे ४३० व्या भागाएवढी, म्हणजे ०.०१५ मिलिमीटरची होते. तीस मीटरवरून ती फक्त एक दशांश विकला दिसते. ८० मिलिमीटरच्या स्कोपला हा पक्का बिंदूच. आणि इतका बारीक असूनही त्याचे तेज जवळजवळ शुक्राइतके असते! हा हिशोब अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याजोगा आहे.

अडचण एकच. एअरीने सांगितलेली तबकडी या स्कोपमध्ये सुमारे साडेतीन विकलांची, आणि ६० पटीला ती साडेतीन कलांची दिसणार. तपशील पाहायला हे अपुरे. त्यावर उपाय असा, की स्कोपच्या नेत्रिकेमागे आपली नेहमीची ८ पटीची दुर्बीण, तिची एक नळी, दूरवर फोकस करून पुस्तकांच्या थप्पीवर ठेवायची आणि तिच्यातून पाहायचे. ६० गुणिले ८, म्हणजे ४८० पट. आता ती तबकडी जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढी होते. ही मागची दुर्बीण स्वस्तातली असली तरी चालते, कारण स्कोपमधून बाहेर पडणारी प्रकाशशलाका जेमतेम १.३ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्या भिंगाचा तेवढाच तुकडा वापरला जातो. त्याचे दोष मध्ये येत नाहीत.

चांगल्या स्कोपमध्ये फोकसवर गोल तबकडी व एखाददुसरे फिकट वलय दिसते. फोकसचे चाक जरासे इकडे फिरवले, की वलयांचे गोल चित्र उमलते. जरासे तिकडे फिरवले, की पुन्हा तसेच. दोन्ही बाजूंची चित्रे सारखी असणे हे उत्तम भिंगाचे लक्षण. एका बाजूला वलये रेखीव आणि दुसऱ्या बाजूला कापसासारखी असतील, तर गोलीय विपथन आहे. वलयांचे केंद्र एका बाजूला सरकलेले असेल, तर भिंगे एका अक्षावर नाहीत. वलये तिकोनी झाली, तर भिंग कड्यात आवळले गेले आहे. शाळेच्या स्कोपमध्ये फोकसच्या अलीकडे उभी रेघ, मध्ये क्रूस आणि पलीकडे आडवी रेघ दिसली. गोल तबकडी कुठेच नाही. मोबाइल फोनचा कॅमेरा मागच्या दुर्बिणीला टेकवून मुलांनी तिन्हींची छायाचित्रे घेतली.

येथे काही वाचक विचारतील, की एवढा खटाटोप कशाला, रेघांचा तक्ता दूर लावून किती बारीक रेघा वेगळ्या दिसतात ते मोजावे. ही पद्धत रूढ आहे आणि आकडा हाती देते, म्हणून परीक्षण लिहिणाऱ्यांना ती आवडते. आमचा तिच्यावरील आक्षेप असा. काळ्या-पांढऱ्या रेघांत कॉन्ट्रास्ट भरपूर असतो. गोलीय विपथन माफक असेल, तर तबकडीचा आकार फारसा बदलत नाही. तिच्यातील प्रकाश मात्र निसटून भोवतालच्या वलयांत पसरतो. पाव तरंगलांबीच्या दोषाने तबकडीच्या मध्याची तीव्रता सुमारे २० टक्क्यांनी घटते, तरी तक्त्यावरील रेघा जवळजवळ तितक्याच वेगळ्या दिसतात. पक्षी हा काही काळ्या-पांढऱ्या रेघांचा तक्ता नव्हे. करड्या पिसावरची थोडी अधिक करडी किनार पाहावयाची असते, आणि निसटलेला प्रकाश नेमकी तीच किनार पुसतो. तक्त्यावर उत्तीर्ण झालेला स्कोप चिखलावर नापास होऊ शकतो.

नांदूर मधमेश्वरला हिवाळ्यात टिलवे येतात. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा हे दोन्ही चिमणीएवढे, करडे-तपकिरी. ओळखण्याची एक भरवशाची खूण म्हणजे पाय. छोट्याचे काळे, टेमिंकचे पिवळसर. पाय जेमतेम दोन मिलिमीटर जाड, म्हणजे शंभर मीटरवरून चार विकला. निर्दोष ८० मिलिमीटरच्या स्कोपला हे जमण्याजोगे आहे. पण प्रतिमा पाच विकलांनी पसरत असेल, तर पायाचा रंग आणि मागच्या ओल्या चिखलाचा रंग एकमेकांत मिसळतात. पाय दिसतात, रंग दिसतो, मात्र तो पायांचा नसतो. मुले वहीत काहीतरी एक नाव लिहितात. ती नोंद पुढे गणनेत जाते आणि तिथे ती कोणत्या स्कोपमधून झाली हे कोणी विचारत नाही. ६ बाय ४ फुटांच्या फलकावर शाळेचे नाव झळकवणारा कार्यक्रम आणि उपयोगाची गणना यांत जे अंतर असते, त्यातले बरेचसे असल्या चार विकलांत असते.

ताऱ्याच्या चाचणीचे गोडवे गातानाच तिची दुसरी बाजूही सांगावयास हवी. ही चाचणी फार कडक आहे. १९९४ साली हॅरोल्ड सूटर यांचे केवळ याच चाचणीवरचे इंग्रजी पुस्तक आले. ते उत्तमच आहे, पण ती वलये एकदा पाहायला शिकलेला माणूस पक्षी पाहायचे सोडून वलयेच पाहत बसतो, असाही आमचा अनुभव आहे. तरंगलांबीच्या दशांशाचा दोषही तिच्यात उघडा पडतो आणि मग चांगलाभला स्कोप घरात नकोसा होतो. आम्ही स्वतःही तिच्यापायी फसलो आहोत. एका एप्रिलमध्ये भर दुपारी गच्चीवर आम्ही एका मित्राचा स्कोप तपासला आणि तो टाकाऊ ठरवला. तापलेल्या स्लॅबवरून उठणारी हवा वलयांना झोडपत होती. डिसेंबरच्या सकाळी हिरवळीवर तोच स्कोप नितळ निघाला. मित्राने तोवर तो निम्म्या किमतीत विकलाही असता. नशीब, त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. खिडकीच्या काचेतूनही कधी तपासू नये. खिडकीच्या काचेची सपाटी भिंगाच्या हिशोबाने उंचसखल माळरानासारखी असते. तेव्हा आमचे मत असे, की ४८० पटीला दिसणारे थोडेफार वैगुण्य सोडून द्यावे. ६० पटीला, मागे दुर्बीण न लावता, जे साध्या डोळ्याला खुपते, ते मात्र सोडू नये. फोकसचे चाक फिरवताना प्रतिमा एका ठरावीक जागी चटकन जुळली पाहिजे. 'इथे बरे, की तिथे बरे' असे मन हेलकावत राहिले, तर काहीतरी बिघडले आहे.

विक्रेत्याचे पहिले उत्तर, या किमतीत असेच येते, असे होते. दुसरे उत्तर त्या परीक्षणातील साडेचार ताऱ्यांचे होते. छायाचित्रे, अधिकच्या चिन्हाच्या प्रयोगाचे वर्णन आणि नळी फिरवल्यावर दोषही फिरतो ही नोंद पाठवल्यावर मात्र त्याने नग बदलून दिला. स्कोप उघडून दुरुस्त करण्याचा मोह सरांना झाला होता, तो आम्ही मोडला. आत कोरडा नायट्रोजन भरलेला असतो. एकदा उघडला, की पहिल्याच पावसाळ्यात भिंगांवर बुरशीचे जाळे दिसू लागण्याची भीती.

दुसरा नग निर्दोष नाही. एका बाजूची वलये दुसऱ्या बाजूपेक्षा रेखीव आहेत आणि बगळ्याच्या पांढऱ्या पाठीला उन्हात जांभळी किनार दिसते, म्हणजे वर्णविपथन आहे. स्कोप दूरवर फोकस करून नेत्रिकेकडून टॉर्चचा प्रकाश आत सोडला आणि वस्तुभिंगासमोरच्या कागदावर पडलेले प्रकाशाचे वर्तुळ मोजले, तर ते ८० ऐवजी ७६ मिलिमीटर भरले. आतील एखादे कडे कडेचा प्रकाश अडवत असावे. सरांना तिसरा नग मागवायचा होता. आम्ही नको म्हटले. अधिकच्या चिन्हाच्या दोन्ही रेघा एकाच जागी जुळतात, ६० पटीला फोकस चटकन सापडतो, आणि थंडी संपत आली होती.

जानेवारीअखेरीस मंडळी पुन्हा पाणथळीवर गेली. वहीचे ते पान सरांनी आम्हाला दाखवले. काठाजवळच्या टिलव्यांपुढे पायांचा रंग आणि जातीचे नाव आहे. पलीकडच्या बेटावरच्या थव्यापुढे त्याच मुलीच्या अक्षरात लिहिले आहे : 'टिलवे, अंदाजे ४०. फार लांब. पायांचा रंग दिसला नाही, जात लिहिलेली नाही.'